अकरा नंबरचा बिल्ला

अण्णा गेल्याचं मला भास्करने फोनवर सांगितलं. "ऐकलं का दिल्या, गायधनी गेले. झोपेतच. सकाळी वहिनी चहा घेऊन गेल्या तर..." माणसाने एवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही. "सुटले बिचारे," असं वर चिकटवलंच त्याने. कशातून सुटले ते मी विचारलं नाही. आजार नव्हता, अंथरूण धरलं नव्हतं, आदल्या संध्याकाळी स्वतःच्या पायांनी जाऊन दूध आणलं होतं. उमेदीची सगळी वर्षं पाण्याखाली काम केलेला हा माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या गादीवर, कोरडा ठणठणीत गेला. अण्णांना विचारता आलं असतं तर म्हणाले असते, यालाच काम चोख करणं म्हणतात.

याला आता पाच आठवडे झाले. तेरावं झाल्यावर नाशिक रोडच्या एका हॉलमध्ये शोकसभा झाली. ती ज्यांनी भरवली त्यांना माझा कोपरापासून नमस्कार. व्यासपीठामागे हा एवढा मोठा फलक, ‘सागराशी झुंज देणारा जलवीर’, आणि खाली अण्णांचा कुणाच्या तरी लग्नातला फेटा बांधलेला फोटो. अण्णा आणि झुंज! समुद्राचा रंग जरा वेगळा दिसला की बोट धक्क्यावरूनच परत फिरवणारा माणूस तो. पाच वक्ते बोलले, पाचही जण घोटा बुडेल एवढ्या पाण्यातही कधी उतरले नसावेत. धाडस, जिद्द, मृत्यूला आव्हान... एकेक शब्द असा फेकत होते की अण्णा पुढच्या रांगेत असते तर उठून चपला शोधायला लागले असते. शेवटी अण्णांनीच काढलेल्या आमच्या डायव्हिंग क्लबचे माजी अध्यक्ष उठले. घसा साफ केला, चष्मा काढला, परत घातला, आणि म्हणाले, "एक दुर्दैवी चूक वगळली, तर गायधनींची कारकीर्द निष्कलंक होती." लोकांनी माना हलवल्या. भास्करनेही हलवली. मी तिसऱ्या रांगेत होतो. मीही हलवली असेल, मला आठवत नाही.

ती ‘दुर्दैवी चूक’ म्हणजे मी. बोटीने समुद्रात सोडून दिलेला माणूस. त्या वेळी पेपरात आलं होतं, अण्णांचं नाव छापून, त्यांच्या हलगर्जीपणाबद्दल. क्लबने त्यांना काढलं, त्यानंतर त्यांनी बोटीवर पाय ठेवला नाही, आणि आता ती चूक त्यांच्या नावाबरोबर स्मशानापर्यंत जाऊन आली. ती चूक अण्णांची नव्हती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वाचणाऱ्याने आत्ताच ओळखलं असेल की हा लेख काही रडका नाही. रडायचा अधिकार असायला आधी माणूस जरा बरा असावा लागतो.

मधुकर गायधनी नौदलात पाणबुडे होते. जहाजाचा तळ तपासायचा, पंख्यात अडकलेले दोर कापायचे, बंदराच्या गाळातून हरवलेल्या वस्तू काढायच्या, असली कामं. पेन्शन घेऊन गावाकडे आले आणि सातपूरला आमच्या कारखान्यात मेन्टेनन्सला फिटर म्हणून लागले. ही नव्वदनंतरची गोष्ट. मी तिथेच लेथवर होतो, भास्कर माझ्या शेजारच्या मशीनवर. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी विचारलं, "काय अण्णा, समुद्रात भीती नाय वाटायची का?" आम्हाला वाटलं आता शार्कच्या गोष्टी निघणार. अण्णा भाकरी मोडत म्हणाले, "लय वाटायची. मी भित्रा माणूस हाय. माझ्या बॅचमधले जे भित्रे नव्हते त्यांच्या घरी फोटो लावलेत." एवढं बोलून ते ठेच्याकडे वळले. सगळे हसले. मला मात्र त्याच वेळी त्या माणसाचं काहीतरी आवडलं, हे खरं.

त्यांनी क्लब काढला तेव्हा नाशकाने जे नाक मुरडलं त्याला तोड नाही. इथे समुद्र कुठाय, अण्णा रामकुंडात उडी मारणार का, असले विनोद महिनोन्महिने चालले. पण दर रविवारी आम्ही आठ-दहा जण धरणावर जायचो, आणि त्या गढूळ पाण्यात, जिथे स्वतःचा हात दिसायचा नाही, अण्णा आम्हाला श्वास घ्यायला शिकवायचे. कारखान्यातला पर्सोनेल मॅनेजर क्लबचा अध्यक्ष झाला, कारण त्याच्या ओळखीने धरणावरची परवानगी मिळाली. त्याने पोहण्याची चड्डी कधी विकत घेतली असेल असं मला वाटत नाही, पण लेटरहेड छापून घेतलं. मग वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, आम्ही दोन जीप भरून कोकणात उतरायचो आणि एका मच्छीमाराची बोट ठरवून खऱ्या समुद्रात जायचो.

आणि बोटीवर अण्णा म्हणजे छळ होता. दुसरा शब्द नाही. सिलिंडर उभे ठेवायचे नाहीत, आडवे, लाकडी पाचर लावून, नाहीतर लाटेला गडगडून कुणाची तरी बोटं जातात. वजनाचा पट्टा सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या वरून, आणि तो एका हाताने, डोळे मिटून सुटला पाहिजे. हवेचं जाकीट फुगवून दाखव, रिकामं करून दाखव. रेग्युलेटरमधून तीन श्वास घे आणि श्वास घेताना गेजकडे बघ, सुई डुलली तर सिलिंडरचा नळ अर्धाच उघडलाय. तुझा दुसरा, पिवळा रेग्युलेटर कुठाय? मागे लोंबतोय? मग तुझ्या जोडीदाराची हवा संपल्यावर तो काय तुझ्या पाठीमागे लोंबत येणार? बोटीच्या मागे लांब दोर आणि त्याच्या टोकाला प्लॅस्टिकचा कॅन, प्रवाहाने ओढलं तर धरायला. माणूस पाण्यात असेपर्यंत इंजिन बंद. वर येताना आपल्याच सगळ्यात बारीक बुडबुड्याच्या पुढे जायचं नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, कितीही लघवी लागली तरी. हे सगळं ते प्रत्येकाच्या अंगाला हात लावून तपासायचे, दरवेळी, पाच-पाच वर्षं पाण्यात उतरणाऱ्यालाही आणि कालच्या पोरालाही सारखंच. आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. भास्कर तर इतकी हुबेहूब करायचा की बोटवाला तांडेलसुद्धा हसायचा.

कंप्रेसरची गोष्ट सांगतो, म्हणजे माणूस कळेल. सातपूरला एका शेडमध्ये आमचा जुना कंप्रेसर होता, त्यावर सिलिंडर भरायचे. एकदा अण्णा चहाला गेले आणि आमच्यातल्या एका दीडशहाण्याने हवा ओढायच्या पाइपाशेजारी स्कूटर चालू करून ठेवली, बॅटरी चार्ज करायला. अण्णा आले, त्यांनी वास घेतला, आणि भरून ठेवलेले बाराच्या बारा सिलिंडर उघडून दिले. दिवसभराचं काम फुस्स. "अण्णा, एवढ्याने काय होतंय," असं तो म्हणाला मात्र... अण्णांनी त्याला हाताला धरून सायलेन्सरसमोर बसवला. "लाव तोंड. लाव ना. वीस मीटर खाली जाऊन हेच ओढणार होतास, इथे ओढून दाखव." तो पुढच्या रविवारपासून आलाच नाही. अण्णा म्हणाले, "बरं झालं. एक माणूस वाचला."

त्यांनी प्रत्येकाच्या जाकिटाला एक शिट्टी बांधून घेतली होती, आणि खिशात केशरी प्लॅस्टिकची एक लांबलचक नळी गुंडाळून ठेवायला लावली होती. पाण्यावर आलं की तोंडाने फुगवायची, मग ती माणसाच्या डोक्यावर सहा फूट उभी राहते, लांबून दिसते. आम्ही तिला दुधी म्हणायचो. दुधी घेतला का रे, दुधी शिजला का, असे विनोद चालायचे. अण्णांना विनोदाशी देणंघेणं नव्हतं, दुधी खिशात हवा. आणि सगळ्यांत मोठा छळ म्हणजे परतीचा. पाण्यातून आल्यावर चोवीस तास घाट चढायचा नाही. समुद्राकाठी राहायचं, कारण रक्तात विरघळलेली हवा उंचीवर गेलं की बुडबुडे होऊन सांध्यांत अडकते. आता आम्ही नाशिकचे लोक, घरी जायचं तर घाट चढल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे एक रजा जास्त. त्यावरून दरवर्षी भांडण व्हायचं, आणि दरवर्षी अण्णा जीपच्या किल्ल्या स्वतःच्या उशीखाली घेऊन झोपायचे.

आता बिल्ल्याबद्दल. कारखान्याच्या गेटवर पितळी बिल्ल्यांचा बोर्ड होता. आत आलं की आपल्या नंबरचा बिल्ला उचलून दुसऱ्या बोर्डावर लावायचा, तीच हजेरी. अण्णांनी तेच बोटीवर आणलं. प्लायवूडची फळी, त्यावर खिळे, आणि बिल्ले मी माझ्या लेथवर काढून दिले. पाण्यात जाताना आपला बिल्ला खिळ्यावरून काढून जाकिटाला अडकवायचा, वर आल्यावर परत खिळ्यावर. बोर्ड भरला म्हणजे सगळे बोटीवर. नियम एकच, आणि तो अण्णा दरवेळी मोठ्याने सांगायचे: "आपला बिल्ला आपल्या हाताने. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाय. बायकोचा असला तरी नाय." त्यांना नौदल माहीत होतं, कारखान्याचं गेट तेवढं माहीत नसावं. कारण गेटवर आम्ही काय करायचो? भास्कर लवकर आला तर माझा बिल्ला तोच लावायचा. मी लवकर आलो तर त्याचा मी. दहा वर्षं हे चाललं होतं. त्याला आम्ही चोरी म्हणत नव्हतो, दोस्ती म्हणत होतो. अख्ख्या शिफ्टमध्ये निम्मे तरी असेच दोस्त होते, आणि सगळ्यांना ठाऊक होतं की सापडलो तर सरळ घरी.

तो दिवस दोन हजार साल उलटून गेल्यानंतरच्या एका सहलीचा. दुसरी डुबकी, ऊन चढलेलं, आणि किनाऱ्यावरच्या खानावळीत पापलेटची ऑर्डर देऊन आलेलो. अण्णांनी मला तपासलं. नळ, सुई, पट्टा, पिवळा रेग्युलेटर, शिट्टी, दुधी. शेवटी माझ्या छातीवरच्या अकरा नंबरच्या बिल्ल्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "जा." मी आणि भास्कर जोडीदार. पाण्यात पडलो, नांगराच्या दोराशी आलो, आणि तो बिल्ला गेजच्या नळीवर सारखा आपटायला लागला. टण टण टण. मी वैतागून तो काढला आणि भास्करच्या हातात दिला. "ठेव रे तुझ्याकडे." त्याने ठेवला. दहा वर्षांची सवय, दोघांनाही त्यात काही वाटलं नाही. अण्णांची बोटीवरची वीस मिनिटांची तपासणी आम्ही दोन सेकंदांत निकालात काढली.

खाली गेल्यावर भास्करची हवा लवकर संपत आली. त्याने हात करून वर चल म्हणून सांगितलं. जोडीने उतरलात तर जोडीनेच वर यायचं, हे अण्णांनी हजारदा सांगितलेलं. पण खडकाच्या कपारीत मला एक मोठा शंख दिसला होता, आणि तो मला घरी शोकेसमध्ये ठेवायचा होता. मी त्याला हाताने सांगितलं, तू जा, मी आलोच. तो गेला. शंख निघाला नाही. मी तिथे किती वेळ झटापट केली कुणास ठाऊक, पण प्रवाहाने मला खडकाच्या पलीकडे नेलं ते मला कळलंही नाही. पाच मीटरवर मुकाट तीन मिनिटं थांबलो, तेवढा एक नियम पाळला. वर आलो तर बोट लांब, काडेपेटीएवढी, आणि तिचा धूर किनाऱ्याकडे चाललेला.

आधी मला राग आला. हो, राग! मला सोडून जातात म्हणजे काय? मग मी ओरडलो. मग आवाज बसला, आणि मग भीती अशी आली की पाय आपोआप जोरात मारायला लागलो, जे करू नये म्हणून अण्णांनी सांगितलं होतं. आमचा मुलगा तेव्हा चौथीत होता. त्याला पोहायला शिकवायचं राहिलं, एवढंच पुन्हापुन्हा मनात येत होतं. मग कुठूनतरी अण्णांचा तो चिडका आवाज आठवला. वजनाचा पट्टा सोड. सोडला. जाकीट फुगव. फुगवलं. पाय थांबव. मी दुधी काढला, ज्याला मी सात वर्षं हसलो होतो, आणि रडत रडत त्यात फुंकर मारायला लागलो. शिट्टी वाजवत राहिलो. सव्वा तास. मला घड्याळात दिसत होतं, म्हणून सांगतो, नाहीतर मी सव्वा दिवस म्हणालो असतो.

बोटीवर काय झालं ते नंतर तांडेलाने सांगितलं. आमच्यातल्याच एका बाईच्या नाकातून रक्त यायला लागलं होतं, अण्णा तिच्याजवळ बसले होते, ऑक्सिजनची नळी धरून. भास्कर चढला, त्याने आपला बिल्ला लावला, आणि शेजारच्या खिळ्यावर माझा. मग त्याला लाटांनी मळमळायला लागलं म्हणून तोंडावर टॉवेल घेऊन पुढच्या टोकाला आडवा झाला. मी मागून येतोयच, असं तो धरून चालला होता. अण्णांनी तिथूनच बोर्डाकडे पाहिलं. सगळे खिळे भरलेले. "सगळे आले?" "आले, आले!" पापलेट थंड होत होतं, कोण नाही म्हणणार? बाईला लवकर किनाऱ्याला न्यायचं होतं. निघाले. बाईचं रक्त थांबल्यावर अण्णा उठले आणि सवयीने डोकी मोजली. मग परत मोजली. मग म्हणे त्यांनी बोर्डाकडे एकदा पाहिलं, बोट फिरवायला लावली, आणि बाईला वाटेत दुसऱ्या होडीत देऊन ते बोटीच्या टपावर चढून उभे राहिले, दोन्ही हातांनी डोळ्यांवर सावली धरून, मी सापडेपर्यंत. त्यांना दुधी दिसला.

वर ओढल्यावर त्यांनी मला शिवी दिली नाही. पाणी पाजलं, ऑक्सिजन लावला, विचारलं, "हातापायाला मुंग्या येत्यात का? डोकं दुखतंय? छातीत?" सगळं नाही म्हटल्यावर ते माझ्याजवळ फळीवर बसले आणि बोटीवरची डोकी पुन्हा एकदा मोजली. भित्रा माणूस! भास्कर समोर टॉवेल गळ्यात घालून बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. आम्ही त्या एका नजरेत सगळं ठरवून टाकलं.

पुढच्या आठवड्यात अध्यक्षांच्या बंगल्यावर बैठक झाली. अध्यक्ष, म्हणजे आमच्याच कारखान्याचा पर्सोनेल मॅनेजर, सोफ्यावर रेलून. तेव्हा कंपनीला माणसं कमी करायचीच होती, नुसती कारणं शोधत होते. त्याच्यासमोर मी काय सांगणार? की भास्करने माझा बिल्ला लावला, कारण आम्ही रोज गेटवर एकमेकांचा लावतो? दोघांच्याही नोकऱ्या त्याच दिवशी गेल्या असत्या. अण्णांनी मला एकच प्रश्न विचारला. "दिलीप, पाण्यात उतरताना बिल्ला तुझ्या अंगावर व्हता का नव्हता?" मी म्हणालो, "नव्हता. मी घ्यायला विसरलो. आणि तुम्ही तपासलं नाही." हे शेवटचं वाक्य न विचारता बोललो. ते नसतं तरी काम भागलं असतं, पण मी ते वर घातलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या बोटाखाली तो बिल्ला टकटक वाजला होता, त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. ते वाद घालतील म्हणून मी तयारीत बसलो होतो. पण ते म्हणाले, "बोटीवरून निघायच्या आधी मी डोकी मोजली नाय. बोर्डावर भरोसा ठेवला. लिहा." अध्यक्षाने मोठ्या खुशीने लिहिलं, माझं वाक्यही लिहिलं. अण्णांनी सही केली, कंप्रेसरच्या शेडच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि सायकल घेऊन गेले. पेपरात बातमी अध्यक्षाने दिली, हे मला नंतर कळलं. क्लबही दोन वर्षांत बंद पडला, कारण अण्णा नसताना पाण्यात उतरायची कुणाची छाती नव्हती. एवढे सगळे धाडसी लोक!

आमच्या नोकऱ्या मात्र राहिल्या. पुढे भास्कर सुपरवायझर झाला. अण्णा काम सोडून एका छोट्या वर्कशॉपमध्ये आगीचे सिलिंडर तपासायला लागले. एकदा नाशकातच द्वारकेच्या चौकात ते रस्त्याच्या पलीकडे दिसले, पिशवी घेऊन बसची वाट बघत. मी वळलो आणि एका टायरच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने विचारलं, काय पाहिजे. मी म्हणालो, काही नाही, उभा राहतो जरा. बस येऊन गेल्यावर बाहेर पडलो. माझ्याकडे तेव्हा सायकलसुद्धा नव्हती.

शोकसभेनंतरच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी मेथी निवडत होत्या. त्यांनी मला ओळखलं, पाणी दिलं, बसा म्हणाल्या. मी सगळं सांगितलं, बिल्ला, भास्कर, बैठक. सांगताना रडू आलं, आणि वहिनींनी ते थांबायची वाट पाहिली, जशी आपण नळाचं पाणी जायची पाहतो.

"माहीत आहे मला भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी."

"मग ते बोलले का नाहीत?"

"मी पण भांडले. तर म्हणाले, त्याला मी पाण्यातून काढलाय, आता मीच त्याला खोटा पाडू का? तो येईल सांगायला. येऊ दे त्याचा तो." वहिनींनी एक काडी बाजूला टाकली. "वर्षभर रविवारी सकाळी कुठे जायचे नाहीत. लग्नाला नाही, कशाला नाही. दिलीप येईल म्हणायचे. मग एका रविवारी नऊच्या सुमाराला उठले, म्हणाले, आता नाय येत तो. आणि पिशवी घेऊन भाजी आणायला गेले."

 मी विचारलं, "वहिनी, मी आता काय करू?" इतका निर्लज्ज प्रश्न मी आयुष्यात विचारला नसेन.

त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "मला कशाला विचारताय? माझ्याकडे कुणी काही विचारायला आलं नव्हतं तेव्हा. पेपरात छापून आलं होतं. शेजारपाजाऱ्यांनी वाचलं, आमच्या सुनेच्या माहेरच्यांनी वाचलं. जिथे छापलं तिथे सांगा." आणि परत मेथीकडे वळल्या. मी उठलो तेव्हा त्यांनी ‘या’ म्हटलं नाही.

लिहायला बसण्याआधी भास्करला फोन केला. तो भडकला. "अरे, डोकं फिरलं का तुझं? माणूस गेला आता. कशाला उकरतोस? माझ्या मुलीचं लग्न ठरतंय." मी म्हटलं, तुझं आडनाव लिहीत नाही. म्हणाला, "लोकांना कळणार नाही का?" कळू दे. मला त्याची कीव येते, आणि त्याहून जास्त माझी, कारण त्याने तर फक्त दोस्ती निभावली होती. खोटं मी बोललो.

तर अध्यक्ष महाराज, आणि फलक लावणारे, आणि माना हलवणारे सगळे, नीट वाचा. त्या दिवशी मला पाण्यात सोडण्यापूर्वी मधुकर गायधनी यांनी माझा बिल्ला तपासला होता. स्वतःच्या हाताने. तो माझ्या छातीवर होता. मी तो काढून दुसऱ्याला दिला, आणि वर आल्यावर त्यांचं नाव दिलं. अण्णा, रविवारच्या पुरवणीत लिहिलंय. मी आलो, पण तुम्ही भाजी आणायला गेलात.